थंडीत सकाळी गाडी सुरू होत नाही, किंवा पहिल्या गिअरला बंद पडते: आधी काय तपासायचं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मी गेली चौदा वर्षं गाडी शिकवते. शिकायला येतात त्या बहुतेक आपल्याच मराठी घरांतल्या मुली आणि सुना, अलीकडे साठीच्या पुढच्या काकूही. डिसेंबर अर्धा झाला की सकाळी साडेसहा-सातला त्यांच्यापैकी कुणाचा तरी फोन येतो, "ताई, गाडी सुरूच होत नाहीये, मुलांची शाळा आहे." मी शाल गुंडाळून चालत जाते. बहुतेक वेळा गॅरेज गाठावं लागत नाही. दर वर्षी तेच सांगते आहे, म्हणून यंदा नीट लिहून ठेवते. हे सगळं हाताने गिअर टाकायच्या पेट्रोल, सीएनजी आणि डिझेल गाडीसाठी आहे. हायब्रिड आणि विजेवरच्या गाडीत यातलं काहीही करून बघू नका, तिथल्या केशरी जाड वायरींतला दाब जिवावर बेततो.

लक्षणं

किल्ली फिरवल्यावर काय होतं ते एकदाच, कान देऊन ऐका. फोनवर माझा पहिला प्रश्न हाच असतो.

- मीटरचे दिवेसुद्धा लागत नाहीत.
- दिवे छान लागतात, पण किल्ली पुढे फिरवली किंवा बटण दाबलं तरी गाडी गप्प.
- एकच जाड 'टक्', पुढे काही नाही.
- भरभर 'टकटकटक', आणि त्याबरोबर दिवे मंदावतात.
- सेल्फ लागतो, पण रडतरखडत: घर्रर… घर्रर…
- सेल्फ नेहमीसारखा जोरात फिरतो, इंजिन मात्र पेट घेत नाही.
- इंजिन सुरू होतं, पण निघताना झटका देऊन बंद पडतं.
- किल्ली फिरवताच गाडी पुढे उडी घेते.

शेवटचं लक्षण असेल तर किल्ली लगेच सोडा. गाडी गिअरमध्ये आहे.

किल्लीला पुन्हा हात लावण्याआधी

हे माझ्या हातून झालेलं आहे. आमच्या वाड्याच्या अंगणाला थोडा उतार आहे, म्हणून रात्री गाडी पहिल्या गिअरमध्ये लावलेली होती. सकाळी काचा पुसताना इंजिन गरम होऊ दे म्हणून मी आत न बसता खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. गाडी दोन हात पुढे गेली आणि तुळशी वृंदावनाला जाऊन टेकली. माझा भाचा मिनिटभर आधीपर्यंत तिथेच खेळत होता. त्या दिवसापासून सीटवर बसल्याशिवाय मी किल्लीला हात लावत नाही आणि कुणाला लावूही देत नाही.

हे का होतं ते समजून घ्या. गिअर पडलेला असेल आणि क्लच दाबलेला नसेल तर इंजिन आणि चाकं एकमेकांना जोडलेली असतात. सेल्फची मोटर इंजिन फिरवते तशी चाकंही फिरवते, आणि एवढी गाडी हलवायची ताकद तिच्यात असते. इंजिनाने पेट घेतला तर मग गाडी थांबतही नाही.

म्हणून दर वेळी याच क्रमाने करा. सीटवर बसा आणि पट्टा लावा. हँडब्रेक ओढलेला आहे का ते हाताने ओढून बघा, नुसतं नजरेने नाही. उजवा पाय ब्रेकवर, डावा क्लचवर, क्लच थेट तळापर्यंत. गिअरची दांडी डावी-उजवीकडे हलवा. सहज डुलली तर न्यूट्रल. किल्ली 'ऑन'वर आणून दोन-तीन सेकंद थांबा, आणि मगच सेल्फ मारा. एका वेळी पाच सेकंद, फार तर दहा. नाही लागली तर अर्धा मिनिट थांबा. सेल्फची मोटर थोड्या वेळासाठीच बनवलेली असते, सलग दाबून धरली तर तापून जळते, आणि बॅटरीत उरलेली थोडी ताकदही त्यातच संपते. घाबरून वीस वेळा किल्ली फिरवणं हे मी पाहिलेलं सर्वांत महागडं काम आहे.

थंडीत आणखी दोन गोष्टी. बसण्याआधी बॉनेटवर दोन-तीनदा थापटा. इंजिनाच्या उबेला मांजरं आत शिरून बसतात. आणि देवडीत, बंद शेडमध्ये किंवा शटर पाडलेल्या गाळ्यात इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वास नसतो, आणि बंद जागेत तो माणसाला बसल्या जागी बेशुद्ध करतो. गाडी सुरू झाली की आधी उघड्यावर आणा.

फुकटात होणारी तपासणी

पहिली, पायाखालची पायपुसणी. दिवे छान लागतात पण सेल्फ गप्प, असं असेल तर मी सर्वांत आधी खाली वाकते. हल्लीच्या बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत क्लचच्या पेडलवर एक छोटा स्विच असतो. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय तो सेल्फला वीज जाऊ देत नाही. वर सांगितलेली उडी टाळण्यासाठीच ही सोय आहे. हिवाळ्यात लोक जाड पायपुसणी टाकतात, एकावर एक दोन टाकतात, ती सरकून पेडलमागे अडकते आणि क्लच बोटभर कमी दबतो. वरकरणी पाय पूर्ण खाली गेल्यासारखाच वाटतो. पायपुसणी काढून बाजूला ठेवा, सीट एक खाच पुढे घ्या, जाड लोकरी मोजे किंवा सपाता असतील तर बूट घाला, आणि पुन्हा दाबा. गेल्या पौषात मी तीन गाड्या एवढ्यावर सुरू केल्या. पायपुसणी पेडलखाली अडकणं चालत्या गाडीत तर फारच धोक्याचं आहे, म्हणून मूळ हुकात न बसणारी पायपुसणी परत टाकूच नका.

दुसरी, स्टिअरिंग. किल्ली फिरतच नसेल तर स्टिअरिंगचं कुलूप बसलेलं असतं. चाक हळू डावी-उजवीकडे हलवत किल्ली फिरवा. जोर किल्लीवर लावू नका, मोडलेली किल्ली काढायला कुलूपवालाच लागतो.

तिसरी, किल्लीची ओळख. मीटरवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहिलं तर गाडी किल्ली ओळखत नाहीये. दुसरी किल्ली आणा. बटणाची गाडी असेल तर रिमोटमधला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. बहुतेक गाड्यांत रिमोट थेट स्टार्टच्या बटणाला टेकवून दाबलं की ती सुरू होते. दोन्ही किल्ल्यांनी नाही झालं तर थांबा आणि सर्व्हिस सेंटरला फोन करा. ते काम संगणकाचं आहे.

चौथी, इंधन. काटा तळाला असेल आणि गाडी उतारावर लावलेली असेल तर उरलेलं पेट्रोल टाकीच्या एका कोपऱ्यात जातं आणि पंपाला मिळत नाही. सीएनजीवाल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवा. यातल्या बऱ्याच गाड्या सुरू होतात पेट्रोलवर आणि मग गॅसवर जातात. पेट्रोल महाग म्हणून टाकी कोरडी ठेवली की थंडीत त्या अडतात, आणि टाकीतला पंपही लवकर जातो. पाच-सहा लिटर पेट्रोल कायम असू द्या. डिझेल गाडीत 'ऑन'ला नागमोडी तारेचं चिन्ह लागतं, तो हीटर प्लगचा दिवा. तो विझेपर्यंत थांबायचं. डिझेल ठिणगीवर नाही, दाबल्या गेलेल्या गरम हवेवर पेटतं, आणि थंड इंजिनात ती हवा पुरेशी तापत नाही.

बॅटरी

'टकटकटक' आणि 'घर्रर घर्रर' दोन्ही बॅटरीकडे बोट दाखवतात. हेडलाइट लावून एक सेकंद सेल्फ मारा. दिवे एकदम मेणबत्तीसारखे पिवळे झाले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचे टर्मिनल, म्हणजे खुंट्यांवरचे वायरींचे जोड, धरत नाहीत. दिवे जराही मंदावले नाहीत आणि आवाजही नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही: क्लचचा स्विच, फ्यूज, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) किंवा किल्लीच्या मागचा स्विच.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपण म्हणतो थंडीने बॅटरी मेली. खरं तर ती मे महिन्यात मेलेली असते. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो, बॉनेटखाली त्याहून जास्त. त्या उष्णतेत आतलं पाणी उडतं आणि पट्ट्या गंजतात. पण उन्हाळ्यात इंजिन हलकं फिरतं, म्हणून अर्धमेली बॅटरीही निभावून नेते. जानेवारीत पारा ५-६ अंशांवर आला की इंजिनातलं तेल घट्ट होतं, फिरवायला जास्त जोर लागतो, आणि त्याच वेळी गार बॅटरी कमी जोर देते. मग उन्हाळ्यातलं दुखणं एका सकाळी बाहेर पडतं.

यात ग्वाल्हेरची एक भर आहे. इथल्या कितीतरी घरांतल्या गाड्या मेळ्यात घेतलेल्या असतात. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला आपला व्यापार मेळा ऐन हिवाळ्यात भरतो, आणि रोड टॅक्सची सूट जाहीर झाली की लोक गाडी तिथूनच उचलतात. बॅटरीचं आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षं. म्हणजे जानेवारीत घेतलेल्या गाडीची बॅटरी चौथ्या-पाचव्या जानेवारीत दगा देते, आणि गल्लीतल्या दोन-तीन गाड्या एकाच आठवड्यात अडतात. तुमच्या गाडीचा चौथा हिवाळा असेल तर दिवाळीच्या सुमारास बॅटरीच्या दुकानात तपासून घ्या. बरीच दुकानं पैसेही घेत नाहीत.

घरी व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर असेल तर आणखी चांगलं. तीन-चारशे रुपयांत येतो. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास यायला हवं. तिथेही १२ च राहिले तर बॅटरीला दोष देऊ नका, इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर तिला चार्ज करत नाहीये. नवी बॅटरी घातलीत तर तीही दोन दिवसांत उतरेल. हा एक आकडा न बघता नवी बॅटरी घेतलेली दोन घरं मला माहीत आहेत.

आता टर्मिनल. माझी सर्वांत जास्त दुरुस्ती इथेच होते. बॉनेट उघडून बघा, बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरी-हिरवी पूड साठलेली दिसेल. लोक म्हणतात, "पण ताई, दिवे तर लागतायत, मग टर्मिनल खराब कसा?" हिशेब बघा. त्या पुडीने वाटेत ०.०२ ओहमचा अडथळा आणला असं धरू. दोन हेडलाइट साधारण ९ अँपिअर ओढतात, तेव्हा तिथे ०.१८ व्होल्ट वाया जातात, डोळ्याला कळतही नाही. सेल्फ १५० अँपिअरच्या आसपास ओढतो, तेव्हा त्याच जागी ३ व्होल्ट जातात, आणि १२ तले ९ उरल्यावर मोटर फिरेल कशी?

साफ करायला १० नंबरचा पाना, जुना टूथब्रश, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा पुरे. बायकांनी आधी बांगड्या, अंगठी काढून ठेवाव्यात, मंगळसूत्र पदरात किंवा स्वेटरच्या आत खोचावं. धातूची बांगडी दोन टोकांना टेकली तर क्षणात लालबुंद होते आणि मनगट जाळते. गाडी बंद, किल्ली बाहेर. आधी काळी, म्हणजे वजा खूण असलेली वायर सोडवायची, नंतर लाल. लावताना आधी लाल, शेवटी काळी. का? गाडीचा सगळा पत्रा वजा बाजूला जोडलेला असतो. काळी जोडलेली असताना लाल सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला तर तिथेच शॉर्ट होतो, ठिणग्या उडतात. सोड्याच्या पाण्याने घासा, झाकणं असलेल्या बॅटरीत हे पाणी आत जाऊ देऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा, घट्ट बसवा. हाताने पिळून टर्मिनल हलायला नको. वरून व्हॅसलीनचा पातळ थर. पूड डोळ्यांत गेली तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि डॉक्टरकडे जा, ते आम्ल आहे.

बॅटरी फुगलेली दिसली, तडकलेली दिसली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर तिला हातच लावू नका. बॉनेट उघडं ठेवा, लांब व्हा, बॅटरीवाल्याला बोलवा. तिला बाहेरून वीज द्यायचा प्रयत्नही नको.

शेजाऱ्याच्या गाडीवरून सुरू करणं

दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या, एकमेकींना न टेकलेल्या, दोन्ही न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेले, इंजिनं बंद. लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या अधिक खुणेला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळ्याचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या वजाला, आणि शेवटचं टोक आपल्या गाडीच्या इंजिनाच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी उडतेच, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीजवळ नको. मग शेजाऱ्याची गाडी सुरू करून पाच मिनिटं थांबा आणि आपली लावा. काढताना क्रम बरोबर उलटा.

सुरू झाल्यावर दाल बाजारापर्यंत जाऊन परत आलात तर उपयोग नाही. सेल्फने जे खाल्लं ते दोन-तीन किलोमीटरांत भरून येत नाही. अर्धा-पाऊण तास सलग चालवा. रोज एवढंच अंतर असेल तर आठवड्यातून एकदा झाशी रोडने लांब फेरी मारून या.

धक्का मारून

मॅन्युअल गाडीची ही सोय आहे, पण मी ती शेवटी ठेवते. सपाट, मोकळा रस्ता हवा, ढकलणारे मागेच हवेत, पुढे कुणी नको, आणि चालवायला सरावलेलं माणूस हवं. किल्ली 'ऑन'वर, क्लच दाबलेला, दुसरा गिअर. गाडी धावत्या माणसाच्या वेगाला आली की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिन पकडताच परत दाबायचा. पहिला गिअर घेतला तर चाकं अडखळून झटका बसतो, म्हणून दुसरा. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा घट्ट आणि स्टिअरिंग जड लागतं, त्यामुळे उतारावर हा प्रयोग कधीही करू नका. किल्ली काढून तर मुळीच नाही, स्टिअरिंगचं कुलूप बसेल.

मीटरचे दिवेच लागत नसतील तर धक्का मारून दमू नका. हल्लीच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि इंजिनाचा संगणक बॅटरीवर चालतात. आणि एक-दोनदा नाही जमलं तर सोडून द्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो, आणि तो बॅटरीपेक्षा कितीतरी महाग आहे.

फ्यूज आणि रिले

बॅटरी भरलेली, टर्मिनल चकचकीत, तरी गप्प? फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर नकाशा असतो. सेल्फचा फ्यूज काढून आतली तार तुटली आहे का बघा. तुटली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. तो लगेच परत उडाला तर थांबा, कुठेतरी वायर घासली आहे किंवा उंदरांनी कुरतडली आहे. जुन्या वाड्यांत हे नेहमीचंच. मोठा फ्यूज घालणं किंवा फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळणं म्हणजे आग लावणं आहे. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघता येतो.

एकच 'टक्' येतो आणि बॅटरी नक्की चांगली आहे, तर सेल्फची मोटर किंवा तिला वीज जोडणारा सोलेनॉइड. इथे माझं काम संपतं. गाडीखाली शिरून सेल्फला हातोडीने ठोकणारे असतात. गाडी जॅकवर असताना तुम्ही हे करू नका.

सेल्फ फिरतो, इंजिन पेट घेत नाही

किल्ली 'ऑन'वर आणताना मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी, तो पेट्रोलचा पंप. नाही आली तर पंपाचा फ्यूज बघा. फ्यूज ठीक असेल तर पुढे मिस्त्री. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर पुन्हा सेल्फ मारूच नका, किल्ली बंद करा आणि सगळ्यांना बाहेर काढा.

सुरू होते, पण निघताना बंद पडते

यात आधी एकच प्रश्न विचारा: बंद पडली तेव्हा पाय क्लचवर पूर्ण होता का? पूर्ण दाबलेला असताना, सिग्नलला उभ्या-उभ्या बंद पडत असेल तर दोष तुमच्या पायाचा नाही. थ्रॉटलमधला काजळीचा थर, धुळीने भरलेला एअर फिल्टर किंवा सेन्सर असेल. फिल्टर स्वतः काढून बघता येतो, बाकी गॅरेजचं काम. ज्या मुली "मलाच येत नाही" म्हणून रडवेल्या होतात, त्यांना मी हे आवर्जून सांगते.

क्लच सोडताना बंद पडते तर हे बघा. हँडब्रेक पूर्ण खाली आहे का. पहिल्याऐवजी तिसरा तर पडला नाही ना. थंडीत गिअरचं तेल घट्ट असतं आणि दांडी अर्धवट जाते. एसी, मागच्या काचेवरचं दव घालवणारी जाळी, हेडलाइट सगळं एकदम चालू आहे का; गार इंजिनाला तेवढा भार सुरुवातीला जड जातो. सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबून निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. दहा मिनिटं उभी ठेवून गरम करायची गरज नाही.

मग हाफ क्लच शोधा. सपाट मोकळ्या जागी, मी एसएएफच्या (राज्याच्या सशस्त्र पोलिस दलाच्या) मैदानाकडे नेते, पहिला गिअर टाका आणि ॲक्सिलरेटरला न शिवता क्लच अगदी सावकाश वर सोडा. एका जागी इंजिनाचा आवाज खाली बसतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तीच जागा. पाय तिथे दोन श्वास धरून ठेवा, गाडी आपोआप सरकायला लागेल. मग बाकीचा क्लच सोडा. दहा-बारा वेळा केलं की पायाला ती जागा पाठ होते. दुसऱ्याची गाडी चालवताना बंद पडते ती याचमुळे, प्रत्येक गाडीची जागा वेगळी.

चढावर घाबरायला होतं ते मी समजू शकते. किल्ल्यावर उरवाईकडून जाताना, कातळातल्या मूर्तींच्या बाजूच्या चढावर पुढची गाडी थांबली की मागे नजर जाते आणि पाय थरथरतो. तिथे हँडब्रेक ओढा. हाफ क्लचवर या, थोडा ॲक्सिलरेटर द्या, गाडीचं नाक उचललं गेलं की हँडब्रेक सोडा. क्लचवर गाडी तोलून उभी ठेवू नका, क्लच प्लेट जळते. बंद पडलीच तर दोन्ही पायांनी ब्रेक-क्लच दाबा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल, आणि मग सेल्फ. मागचा हॉर्न वाजवू दे.

क्लच पेडलच्या अगदी वरच्या टोकाला पकडायला लागला, चौथ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, जळका वास येतो, तर प्लेट झिजली आहे. उलट, क्लच अगदी तळाला पकडतो, पेडल पिचपिचीत लागतं किंवा गिअर घरघरून पडतो, तर तार सैल आहे किंवा क्लचच्या तेलात हवा शिरली आहे. हे तेल बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्याच डबीतून येतं. त्या डबीतली पातळी खाली गेली असेल तर गाडी हलवूच नका, प्रश्न ब्रेकचा आहे.

इथे थांबा, माणूस बोलवा

धूर, वितळलेल्या वायरीचा वास, गाडीखाली पेट्रोलचा डाग, इंजिन चालू असताना मीटरवर तेलाच्या चिमणीच्या चिन्हाचा लाल दिवा, ब्रेक पेडल तळाला जाणं. पावसाळ्यात गाडी दाराच्या उंबऱ्यापर्यंत पाण्यात बुडून बंद पडली असेल तर एकदाही सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आतला दांडा वाकतो आणि इंजिन जातं. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या वेष्टनाच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना शिवू नका. आणि या यादीतलं काहीही तिसऱ्यांदा करावं लागत असेल, म्हणजे दर आठवड्याला बॅटरी उतरते, दर सोमवारी टर्मिनल सैल होतो, तर गाडी उभी असताना वीज कुठे झिरपते हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

मिस्त्रीला फोन करताना "गाडी बंद आहे" एवढंच सांगू नका. आवाज कोणता येतो, दिवे मंदावतात का, बॅटरी कोणत्या महिन्यातली आहे, मल्टीमीटरवर किती आलं, काय काय करून झालं, आणि गाडी कुठे उभी आहे, उतारावर की सपाट. महाराज बाड्याच्या गर्दीतून येणारा माणूस मग बरोबर तीच वस्तू घेऊन येतो.